खुनी बरोबर, मार्क नऊ

प्रिय बाई,

तुम्हाला कळलं होतं! पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आणि तीन वर्षांत तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. माणसाने इतकं पोटात ठेवावं का हो?

काल तुमचे धाकटे भाऊ नगरहून एस.टी.ने आले. टपावरून तुमची ती हिरवी ट्रंक उतरवून घेतली, शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आणि म्हणाले, "ताईनं सांगून ठेवलं होतं, ही मंदाला द्यायची." मला वाटलं, तुमच्या रहस्यकथा असतील. होत्याच. पण त्यांच्या खाली एका फडक्यात आमच्या दहावीच्या वर्गाच्या काही निबंधाच्या वह्या बांधलेल्या होत्या, आणि त्यांत माझी. जी तुम्ही "ऑफिसात राहिली बहुतेक" म्हणून मला कधी परत दिली नव्हती, ती.

एका वाक्याखाली तुमच्या लाल शाईची रेघ आहे. समासात तुम्ही लिहिलंय, "भाग सहा, पान १८२. मंदाला विचारायचे. एकटीला." आणि त्याच्या खाली, नंतर कधीतरी, पेन्सिलीने, "नको. ती आपण होऊन सांगेल."

बाई, मी सांगितलं नाही. तुम्ही चैत्रात गेलात तोवर सांगितलं नाही. म्हणून आज शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून हे पत्र लिहितेय. पोचणार नाही हे ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय सोमवारी मला तोंड उघडता येणार नाही. सोमवारचं काय ते सांगतेच.

आधी कबुली. एकाहत्तरच्या दिवाळीत मी निबंधाच्या त्या पुस्तकाचा शेवट चोरून वाचला होता.

झालं, लिहिलं! एवढ्याशा एका ओळीसाठी तीन वर्षं?

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा तुमची ओळख एवढीच होती, की नगरहून आलेली, पोस्टामागच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, चष्मा लावणारी मराठीची बाई. बायका पाणवठ्यावर तुमच्याविषयी बोलायच्या आणि तुम्ही समोरून आलात की गप्प व्हायच्या. आणि मग जूनमधल्या एका शनिवारी शिपाईमामांनी ती हिरवी ट्रंक आमच्या वर्गात आणून ठेवली. तुम्ही झाकण उघडलंत आणि अगदी हजेरी घ्यावी अशा आवाजात म्हणालात, "ह्यात अडतीस खून आहेत. आपल्याला त्यांतले पाच निवडायचे आहेत."

सत्तावीस जणांचा वर्ग माना उंचावून ट्रंकेत बघायला लागला! रत्नाने माझा हात इतका जोरात धरला की बांगडी पिचली.

दहावीला 'मला आवडलेले पुस्तक' हा निबंध ठरलेला. आम्ही सगळे तो गाइडमधून उतरवायचो, आणि प्रत्येकाच्या वहीत पहिलं वाक्य तेच असायचं, पुस्तक हा माणसाचा खरा मित्र आहे. तुम्ही म्हणालात, "ह्या वाक्याला ह्यापुढे शून्य. खरा मित्र असता तर एकदा तरी उघडून बघितला असता की नाही?" आम्ही हसलो, आणि हसता हसता लाजलोही. कारण त्या निबंधातलं एकही पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं.

पुढचे चार शनिवार आपण पुस्तकं निवडत होतो. किती भांडलो बाई आपण! मूळ वेष्टनांवर पिस्तुलं आणि बेशुद्ध पडलेल्या बायका होत्या म्हणून तुम्ही सगळ्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली होतीत. त्यामुळे बाहेरून एकही ओळखू यायचं नाही. "आवडलं का ते नंतर सांगा," तुम्ही म्हणायचात. "आधी सांगा, ह्याच्यावर निबंध लिहिता येईल का? लेखक आपल्याशी सचोटीने वागलाय का?" रहस्यकथेचा लेखक सचोटीने वागतो म्हणजे काय, हे आम्ही तिथे शिकलो. एका पुस्तकात एकशे ऐंशीव्या पानावर खुन्याचा जुळा भाऊ सिंगापूरहून येतो. तुम्ही ते पुस्तक बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "जुळा भाऊ आला की पुस्तक बाद." दुसऱ्यात गुप्तहेराला सारखं आतून वाटायचं. तेही बाद. "आतून वाटलं म्हणजे पुरावा नव्हे. मला रोज आतून वाटतं की हेडसर आज लवकर सोडतील."

आणि रत्नाने काय धमाल केली होती, आठवतं? एका पुस्तकात खुनी मोटारीने पुण्याहून निघतो आणि तासाभरात नगरला पोचतो. रत्नाचे काका त्याच रस्त्यावर कंडक्टर. ती उठून म्हणाली, "बाई, हे खोटं हाय. सुप्यालाच गाडी चहाला थांबती, मग हा तासाभरात कसा यील?" तुम्ही म्हणालात, "त्याची स्वतःची मोटार आहे." तर ती म्हणते, "मोटार असंना का बाई, रस्ता तोच हाय ना!" तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. ते पुस्तक तुम्हाला स्वतःला फार आवडायचं, पण रत्नासाठी तुम्ही ते बाद केलंत.

शेवटी पाच ठरली. पाच गट, गटाला एक पुस्तक. आता पाच-सहा जणांनी एक पुस्तक कसं वाचायचं? तुम्ही सरळ त्याची शिवण उसवलीत! पुस्तकाची शिवण उसवणारी मराठीची बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. एकेका पुस्तकाचे सहा भाग करून, त्यांना दाभणाने टाके घालून तुम्ही पाच भाग आमच्यात फिरायला दिलेत आणि सहावा तुमच्या टेबलाच्या खणात ठेवलात. निबंध लिहायचा तो सहावा भाग वाचण्याआधी. कुणावर संशय आहे, कशावरून आहे, आणि आपण चुकत असू तर कुठे चुकत असू. ह्या तीन प्रश्नांना मिळून वीस मार्क. उत्तर बरोबर आलं म्हणून मार्क नाहीत, चुकलं म्हणून कापायचे नाहीत. निबंध दिला की सहावा भाग मिळणार.

सोपं होतं ना? पण माझ्या घरी ते सोपं नव्हतं.

आमचे दादा चौथी शिकलेले. विहिरीला जागा दिली म्हणून शाळेच्या समितीवर होते, अजूनही आहेत. मार्क म्हणजे त्यांना उसाच्या वजनकाट्यासारखे, आकडा दिसला की विषय संपला. त्या वर्षी कोपरगावकडच्या साखर कारखान्यातल्या एका कारकुनाचं स्थळ मला सांगून आलं होतं. दादांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगी पयल्या तिघांत आली तर आकरावी. न्हाईतर कारकून काय वाईट हाय?" मी हे तुम्हाला एकदा रडत रडत सांगितलंही होतं. तुम्ही तुमच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होतात, माझ्यापुढे मूठभर दाणे सरकवलेत आणि म्हणालात, "तू तिघांत येशील. खा."

मला मात्र तेवढा भरवसा नव्हता. आमच्या गटाचं पुस्तक अवघड होतं. थंड हवेच्या गावी एका निवृत्त न्यायाधीशाचा खून, आणि संशयित चार. डॉक्टर, पुतणी, माळी आणि पुतणीला गाणं शिकवायला येणारे गायनमास्तर. पाच भाग मी दोनदा वाचले. काही केल्या एकावर मन ठरेना.

दिवाळीत आम्ही राहात्याला मामांकडे गेलो. मामींना रहस्यकथांचं वेड आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तांदळाच्या डब्यामागे एक चवडच होती, आणि चवडीत सर्वांत वर आपलंच पुस्तक! अख्खं, न उसवलेलं. पहिल्याच ओळीवर मी ओळखलं. मामी करंज्या तळत होत्या. म्हणाल्या, "वाच की गं. मामा बाजाराला गेल्यात, यायला लई येळ हाय."

मी फक्त शेवट वाचला, बाई. उभ्याउभ्याने, डब्याला टेकून. खुनी गायनमास्तर. न्यायाधीशांच्या हरवलेल्या चष्म्याचं घर त्याने स्वतःच्या पेटीच्या भात्यात दडवलं होतं, म्हणून पेटी नीट वाजेना, आणि त्यावरून तो पकडला गेला. मामींनी विचारलं, "कोन निघाला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तर पयल्यापास्नं त्योच वाटत हुता." आणि आम्ही दोघींनी गरम करंज्या खाल्ल्या.

घरी आल्यावर मी निबंध लिहिला. किती ऐटीत! गायनमास्तरवर संशय, कारण त्याने पेटीच्या भात्यात चष्म्याचं घर दडवलं होतं. आणि ही गोष्ट पहिल्या पाच भागांत कुठेच नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हुशारी करणाऱ्याची फजिती कशी होते बघा. तिसऱ्या प्रश्नाला तर मी एकाच वाक्यात उत्तर दिलं होतं, "मी चुकत नाही." काल ते वाक्य वाचून माझी मलाच लाज वाटली, आणि हसूही आलं.

रत्नाने डॉक्टरवर संशय घेतला होता. तो सात वाजता बोलावल्यावर आलो म्हणतो, पण साडेसहाच्या गोष्टी त्याला ठाऊक आहेत, हे तिने पानांसकट दाखवलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, की डॉक्टरने खून का करावा ते मला सापडत नाही, तिथे माझं म्हणणं लंगडं आहे. तिला अठरा. मला नऊ.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. नऊ का, ते मला कळायला हवं होतं. पण घरी दादांनी आकडा विचारला, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो कारकून उभा राहिला. मी म्हणाले, "दादा, माझा खुनी बरोबर हुता. तरी बाईंनी नऊच दिले." हे मी म्हणाले, बाई. आग मी लावली.

दादांनी तक्रार केली म्हणून भरलेल्या समितीच्या बैठकीत मला बाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं, मग आत बोलावलं. चेअरमन, हेडसर, दादा आणि तुम्ही. दादांनी टेबलावर हात आपटला.

"माझ्या पोरीनं खुनी बरोबर वळखला. पुस्तकात बी त्योच हाय. मग नऊ का?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मार्क पुराव्याला आहेत, उत्तराला नाहीत."

चेअरमन म्हणाले, "म्हंजी चुकलेलीला अठरा आन बरोबर आलेलीला नऊ? ही कुठली रीत? आन मुळात पोरास्नी खुनाची पुस्तकं कशाला? थोरामोठ्यांची चरित्रं संपली का?"

"चरित्रांत आधीच सांगितलेलं असतं कोण थोर ते," तुम्ही म्हणालात. "इथे त्यांना स्वतः बघावं लागतं."

"वाचा बरं त्या पोरीनं काय लिवलंय ते. ऐकू तरी," चेअरमन म्हणाले.

तुम्ही माझी वही उघडलीत आणि वाचायला लागलात. मी उगीच घाबरले, असं मला तेव्हा वाटलं. कारण तुम्ही सुरेख वाचलंत, आणि वाचता वाचता ती भात्याची ओळ गाळून पुढे गेलात. मला वाटलं, नजरेतून सुटली! मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. शेजारी हेडसर बसले होते, आणि आमचं पुस्तक त्यांनी त्याच आठवड्यात सहाही भागांसकट घरी नेऊन संपवलं होतं, हे मला पुढे कळलं. ती ओळ त्यांच्या कानावर पडती तर त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं. सगळा खटला एका मिनिटात तुमच्या बाजूने निकाली निघाला असता.

तुम्ही वही मिटलीत. हेडसर म्हणाले, "बाई, पंधरा करून टाका आणि विषय मिटवा." तुम्ही म्हणालात, "मार्क बदलणार नाही. पुस्तकं बंद करायची असतील तर करा."

आणि त्यांनी बंद केली. दादा जिंकून घरी आले. आईला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. शाळाच येडी हाय." कारकुनाला त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं. मी अकरावीला बसले, पास झाले, नगरला डी.एड.ला गेले. एका खोट्यावर माझं सगळं शिक्षण उभं राहिलं, आणि ते पडू नये म्हणून तुम्ही तुमची ट्रंक खाटेखाली सारलीत. पुढच्या वर्षी तुम्ही आम्हाला चरित्रं शिकवलीत. चांगलीच शिकवलीत. पण त्या तासांना तुम्ही कधी चष्मा काढून हसला नाहीत.

एकदा तुम्ही मला संधी दिली होतीत, हे आता उमजतंय. तुमच्या खोलीवर मी चहा टाकत होते. तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, "मंदा, राहात्याला कोण असतं गं तुमचं?"

"मामा," मी म्हणाले.

"मामी वाचतात का काही?"

"नाही."

तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवलात. बिचाऱ्या मामी! अडाणी ठरल्या त्या माझ्यापायी.

आणि नगर! दोन वर्षं मी तिथे वसतिगृहात होते, तुमच्या भावाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तुम्ही आजारी म्हणून नोकरी सोडून तिथे आला होतात. मी तीनदा आले. तिन्ही वेळा आज सांगायचंच असं ठरवून आले. शेवटच्या वेळी तुम्हाला उठवत नव्हतं. तुम्ही मला ट्रंकेतलं एक पुस्तक वाचून दाखवायला सांगितलंत. एक प्रकरण झाल्यावर हात वर करून थांबवलंत आणि म्हणालात, "आज एवढं पुरे. तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणाले, "सहाला वसतिगृहाचं फाटक बंद होतं, बाई."

तेव्हा साडेचार वाजले होते. घड्याळ तुमच्या समोरच होतं. तुम्ही "जा मग, सांभाळून जा" म्हणालात. माझ्या आयुष्यात मी ह्याहून वाईट काही बोललेली नाही. मला क्षमा करा. एवढं एक वाक्य तेव्हा तोंडातून निघालं असतं तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं, आणि मला!

पण बाई, थोडं तुमच्यावरही रागावू का? आपण होऊन सांगेल म्हणे! सोळा वर्षांची पोर होते मी. घाबरलेली पोर आपण होऊन कधी सांगते का? तुम्ही समासात लिहिलंत तसं एकदा दार लोटून घेऊन विचारलं असतंत, तर मी हंबरडा फोडून सगळं सांगितलं असतं. मग तुम्ही मला रागावला असतात, दाणे दिले असतेत, आणि संपलं असतं. खुन्याला बोलतं करायच्या इतक्या रीती तुम्ही आम्हाला शिकवल्यात आणि माझ्या बाबतीत नुसती वाट बघत बसलात.

असो. आता सोमवारचं.

ह्या जूनपासून मी आपल्याच शाळेत आहे. आठवीला मराठी. नेमणूक अजून कच्ची. हेडसरांनी निबंधासाठी अवांतर वाचनाची यादी मागितली आहे, सोमवारी ती समितीपुढे जायची. चेअरमन तेच, दादाही तेच. मी मुकाट्याने चार चरित्रं लिहून ठेवली होती. काल वही बघितल्यावर तो कागद फाडला.

संध्याकाळी दादा गोठ्यात धार काढत होते. मी म्हणाले, "दादा, मला एक सांगायचंय. धावीतलं."

सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी तुला आधीच ठावं हुतं, गायनमास्तर त्यो?"

"व्हय."

"आन मी तितं टेबलावर हात आपटून भांडलो."

"व्हय."

"आन बाईला ठावं हुतं?"

मी वही पुढे धरली. तुमचं बारीक अक्षर वाचायला त्यांना वेळ लागला. 'एकटीला' हा शब्द त्यांनी दोनदा मोठ्याने वाचला. मग चरवी बाजूला ठेवून तिथेच बसून राहिले.

"बाई तवा समद्यांम्होरं बोलली आसती," ते म्हणाले, "तर म्या तुला दुसऱ्या दिशी शाळंतनं काढली आसती. त्या कारकुनाला हो म्हनलं आसतं."

"ठावं हाय मला."

"तिला बी ठावं आसंल." वहीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या तोंडानं बंद झालं. सोमवारी मीच उठतो आन सांगतो, चालू करा म्हनून."

"तुमी न्हाई, दादा. तुमाला तर मीच फसवलं. मीच बोलनार."

"नोकरी कच्ची हाय तुझी. फसवाफसवी केल्याली मास्तरीन म्हनून घालवतील."

"घालवूंद्या."

ते चरवी घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आगं, पर त्यो मास्तर जज्जाला मारतो कशापायी? तीन वरसं झाली, कुनी मला सांगितलंच न्हाई."

मी हसले, बाई, आणि हसता हसता रडले. ज्या पुस्तकावरून त्यांनी शाळा डोक्यावर घेतली त्याची एक ओळही त्यांनी वाचलेली नव्हती! मी ट्रंकेतून दुसऱ्या गटाचं पुस्तक काढलं, जे त्यांना ठाऊक नाही असं, आणि त्याचा पहिला भाग हातात दिला. आज सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते ओट्यावर बसून ओळींवरून बोट फिरवत वाचत होते. मला हाक मारून म्हणाले, "ह्यो भाचा मला सरळ दिसत न्हाई." मी विचारलं, "कशावरनं?" तर म्हणतात, "आतून वाटतं." मी सांगितलं, चालणार नाही, पान दाखवा. सहावा भाग मी खणात कुलूप लावून ठेवलाय. समितीचे मेंबर असले म्हणून काय झालं?

बाई, सोमवारी मी समितीपुढे उभी राहीन आणि माझा तो निबंध वाचीन, तुम्ही गाळलेल्या ओळीसकट. ती ओळ कुठून आली ते सांगीन, आणि नऊ मार्क का योग्य होते तेही. मग पाच रहस्यकथांची नवी यादी त्यांच्यापुढे ठेवीन. कदाचित ते मला घरी पाठवतील. तसं झालं तर दुसऱ्या शाळेत अर्ज करीन आणि तिथेही हीच यादी नेईन.

आणि ठेवलंच मला, तर वर्गातली एखादी पोर कधीतरी शेवट चोरून वाचणारच. मी ते तिच्या निबंधाच्या पहिल्या पानावरच ओळखीन, मला नाही तर कुणाला ओळखू येणार? तिचं नाव चारचौघांत मी घेणार नाही, ते तुमच्याकडून घेतलंय. पण मी वाट बघत बसणार नाही, बाई. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेईन, जवळ बसवीन आणि सरळ विचारीन, आणि ती सांगेपर्यंत घरी जाऊ देणार नाही. ह्या एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही, रागावू नका.

तुमची
मंदा